माझी पेशंट खोटं बोलायची

नर्सिंगला गेल्यावर आम्हाला एक लबाडी रीतसर शिकवण्यात आली. ती म्हणजे श्वास मोजण्याची. आपण श्वास मोजतोय हे पेशंटला सांगायचं नसतं. सांगितलं, की माणूस लगेच श्वासाकडे लक्ष देतो, आणि लक्ष दिलं की श्वास बदलतो. म्हणून मनगट धरायचं, घड्याळाकडे बघत नाडी मोजायची, आणि ती मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. तसंच धरून ठेवून गुपचूप छातीकडे बघायचं. पेशंटला वाटतं, पोरगी अजून नाडीच मोजतेय. काही जण म्हणतात, "काय गं, सापडत नाही का?" आपण गोड हसायचं आणि मोजत राहायचं.

गोड हसणं हे माझ्यासाठी श्वास मोजण्यापेक्षा अवघड होतं. माझं डोकं चटकन तापतं. मी नर्सिंगला ॲडमिशन घेतलं तेव्हा गोवंडीच्या आमच्या घरात सगळे हसले होते. काका म्हणाले, "हिच्या वॉर्डातले पेशंट लवकर बरे होतील. घरी पळायला बघतील ना!" आई मात्र गंभीरपणे म्हणाली होती, "तोंड आवर, बाकी तुला सगळं जमतं." तोंड आवरायची खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी आली. पूर्व उपनगरातल्या एका सरकारी रुग्णालयात, बायकांच्या मेडिकल वॉर्डात माझी पोस्टिंग लागली.

कॉलेजच्या लॅबमध्ये एक प्लास्टिकची बाई पलंगावर पडून असायची. आम्ही तिलाच अंघोळ घातली होती, तिचे केस धुतले होते, कूस बदलली होती. ती कधी म्हणाली नाही, की पाणी गार आहे. कधी म्हणाली नाही, की तू नको, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. आणि तिचे नातेवाईक पलंगाभोवती उभे राहून आमच्या हातांचे व्हिडिओ काढत नव्हते. लॅबमध्ये प्रत्येक कामाचा ट्रे कसा भरलेला असायचा, काय कुठे ठेवायचं ते पाठ असायचं. वॉर्डात गेलो तर ट्रे एक, तोही कुणीतरी आधीच नेलेला. पहिल्याच आठवड्यात आम्ही शिकलो, की ज्या वस्तू पुस्तकात आहेत त्या वॉर्डात मागायला गेलं, तर ड्यूटीवरची सिस्टर आपल्याकडे फार प्रेमाने बघत नाही.

त्यात आम्हाला बॉस दोन. वॉर्डातल्या सिस्टर म्हणायच्या, "ए स्टुडंट, हे सॅम्पल लॅबला देऊन ये." आमच्या ट्यूटर मॅडम म्हणायच्या, "तू इथे शिकायला आलीयस, हमाली करायला नाही. पेशंटपाशी थांब." लॅबला जावं तर मॅडम ओरडणार, न जावं तर सिस्टर. दुपारपर्यंत पाय सुजायचे, पांढऱ्या बुटांवर कसला तरी डाग पडलेला असायचा, आणि जाळीत बांधलेल्या अंबाड्यातून सुटलेली एक बट मॅडमना बरोब्बर दिसायची. कान धरावा तशी ती बट धरून त्या विचारायच्या, "हे काय आहे?" आता केस आहेत, दुसरं काय असणार? पण असं बोलायचं नसतं. मी आईला आठवून तोंड आवरायचे.

अशात मॅडमनी मला पेशंट वाटून दिली. प्रत्येकीला एक पेशंट मिळायची. तिची सगळी काळजी घ्यायची, तिचा केअर प्लॅन लिहायचा, आणि पोस्टिंगच्या शेवटी दुसऱ्या कॉलेजातून परीक्षक मॅडम आल्या, की पेशंटच्या पलंगाशी उभं राहून सगळं सांगायचं. ते जमलं तर पास. नाहीतर सगळी पोस्टिंग पुन्हा, आणि आपली बॅच पुढे गेलेली.

माझी पेशंट खिडकीजवळची आजी होती. मूळची मालवणकडची. नवरा गिरणीत होता, गिरणी गेल्यावर भांडुपला येऊन राहिलेली. वर्षानुवर्षांचा दमा, त्यात आता छातीत कफ झाल्याने मुलाने आणून दाखल केलं होतं. मी ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन पलंगाशी गेले, तर तिने हात चादरीखाली घेतला.

"शिकाऊ नको माका. मोठ्या शिस्टरीक बोलव."

"आजी, मी नुसतं प्रेशर बघणार आहे."

"बघून तू शिकतलंस, माका काय मिळतला?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याचं उत्तर आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "तुम्हाला काय, मी मिळेन." म्हटल्यावर मलाच कळेना, की हे उद्धट झालं की लाडीगोडी. आजीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आधी हात धुवन ये," ती म्हणाली. मी धुतलेच होते, पण तिच्यासमोर पुन्हा धुतले. मग तिने हात बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणजे रोज एकदा नकार मिळायचा आणि मग परवानगी.

आमची खरी गट्टी जमली ती माझ्या एका मूर्खपणामुळे. एका सकाळी आजीला खूप दम लागला होता. ती बसून धापा टाकत होती आणि मला तिचा श्वास मोजायचा होता. मी मनगट धरलं, नाडी झाली, छातीकडे बघू लागले. आत, बाहेर, आत, बाहेर. इतकी गुंग झाले, की मीही तिच्याबरोबर तसाच भराभर श्वास घ्यायला लागले, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. नवीन मुलींचं असं होतं म्हणे, पण ते मला नंतर कळलं. माझ्या बोटांना मुंग्या आल्या, खिडकी फिरायला लागली आणि मी धपकन पलंगावर बसले.

पेशंटच्या पलंगावर बसणं हे आमच्यात महापाप. चोरी केली तर समज देऊन सोडतील, पलंगावर बसलं तर नाही. आणि नेमक्या तेव्हाच मॅडम वॉर्डात शिरल्या.

"उठ! आधी उठ! कुठे बसलीयस तू?"

मला उठता येत नव्हतं. आजी स्वतः धापा टाकत होती, तरी तिने माझ्या खांद्यावर हात दाबून धरला आणि मॅडमना म्हणाली, "मीच बसयलंय तिका. पायात गोळो इलो माज्या. चोळूक सांगितलंय." मग माझ्याकडे वळून ओरडली, "चोळ मगे! बघतंस काय?"

मी आजीचा चांगला धडधाकट पाय चोळू लागले. मॅडमनी त्या पायाकडे बघितलं. "पाय चोळायला खुर्ची घेता येते," एवढं म्हणून पुढे गेल्या. त्या गेल्यावर आजीने उशीखालचा बिस्किटाचा पुडा काढून माझ्या हातात दिला. दम तिला लागलेला आणि बिस्किटं मी खातेय, असं ते दृश्य होतं. इतक्या सराईतपणे खोटं बोलणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. मला ती भयंकर आवडली.

त्यानंतर आजी माझी झाली. म्हणजे खरं तर मी तिची झाले. मी दुसऱ्या पेशंटकडे जास्त वेळ थांबले, की ती खोकून बोलावून घ्यायची. केस विंचरताना मालवणातल्या बांगड्यापासून लालबागच्या चाळीतल्या भांडणांपर्यंत सगळं सांगायची. एक गोष्ट संपायच्या आत दुसरी सुरू. माझं गाव जालन्याकडचं म्हटल्यावर तिने विचारलं, "थय मासे गावत नाय? मगे जगतास कशे?" मी तिला वाफ द्यायचे, पाठ थोपटून कफ सोडवायला मदत करायचे, उशा लावून नीट बसवायचे. ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडायला मी शिकवलं, तेव्हा ती म्हणाली, "चूल फुंकूक माका तू शिकव." पण करायची. हळूहळू तिला लावलेला ऑक्सिजन निघाला, ती संडासापर्यंत चालत जाऊ लागली. माझ्या केअर प्लॅनमध्ये ध्येय लिहिलेलं होतं, पेशंटचा श्वासाचा त्रास कमी होईल, आणि ते चक्क होत होतं. मला स्वतःचा फार अभिमान वाटायला लागला. डॉक्टरांच्या औषधांचाही त्यात थोडा वाटा असावा.

परीक्षेच्या दोनेक दिवस आधी माझ्या मैत्रिणीच्या पेशंटला घरी सोडलं. तिकडे पेशंटचे नातेवाईक आनंदाने पेढे वाटत होते आणि इकडे माझी मैत्रीण ड्रेसिंगच्या खोलीत रडत होती. "वाट लागली यार माझी. आता नवीन पेशंट, नवीन प्लॅन, सगळं परत. दोन दिवस थांबली असती तर काय झालं असतं गं तिला?" पेशंट बरी झाली म्हणून रडणारी जमात जगात बहुधा आमचीच. आजीने ते रडणं लांबून पाहिलं होतं.

"ता चेडू कित्याक रडता?"

मी सांगितलं. मग तिने खोदून खोदून विचारलं, परीक्षा म्हणजे काय, ती बाई कुठून येणार, काय विचारणार. मीही सगळं सांगितलं. आधी पेशंटला काय त्रास होता ते सांगायचं, मग आपण काय केलं ते, आणि शेवटी त्याचा उपयोग झाला का ते. शेवटचं परीक्षक पेशंटलाच विचारतात.

"म्हणजे माका बरा वाटला, तर तू पास?"

"असं नसतं आजी," मी म्हटलं. पण ते सांगताना मी हसत होते, आणि आजी हसत नव्हती. ती विचार करत होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माझं डोकं परीक्षेच्या तयारीत होतं.

परीक्षेच्या सकाळी मी गेले तर आजी तयार होऊन बसलेली. तोंडाला पावडर, केस चापून बसवलेले, पदर खांद्यावर. रात्रीच्या सिस्टरने तक्रार काही नाही असं सांगितलं. मी विचारलं, "आजी, कसं वाटतंय?"

"झकास," ती म्हणाली. हा शब्द ती आमच्याकडूनच शिकली होती.

तेवढ्यात मॅडम आणि परीक्षक बाई आल्याच. माझ्यापासूनच सुरुवात करायची ठरलं. मी पलंगाच्या उजव्या बाजूला उभी राहून पाठ केलेलं सांगू लागले. आजीचं वय, आजार, त्रास, मी काय काय केलं. मॅडमच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते समाधान दिसत होतं. परीक्षक बाई आजीकडे वळल्या. "आजी, आता दम लागतो का?"

"नाय."

"झोप लागली रात्री?"

"लागली."

"ही मुलगी नीट करते का सगळं?"

"एकदम."

परीक्षक बाईंना ही उत्तरं छान वाटली. मला मात्र खटकली. जी बाई बांगड्याचं कालवण सांगताना मध्ये श्वास घ्यायला थांबत नव्हती, ती एकेका शब्दात बोलत होती. मी नीट पाहिलं. ती दोन्ही हात गादीवर रोवून बसली होती. पावडरीखाली कपाळावर घाम होता. गळ्याजवळचा खड्डा दर श्वासाला आत ओढला जात होता. ओठ मिटून हसत होती, आणि नाकपुड्या फुलत होत्या.

मी पुढे होऊन तिचं मनगट धरलं. परीक्षक बाईंना वाटलं, मी नाडी दाखवतेय. मी छातीकडे बघून मोजायला लागले. आजीला इतक्या दिवसांत ती लबाडी कळली होती की काय कोण जाणे, तिने श्वास रोखून धरला. पण दम्याचा माणूस किती वेळ रोखणार? सुटला तो एकदम, आणि मग थांबेचना. आदल्या दिवशी होता त्याच्या जवळपास दुप्पट.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते स्पष्ट सांगते. आजीने मला पास केलेलं होतं. परीक्षक बाई पुढच्या पलंगाकडे निघायच्या बेतात होत्या. त्या गेल्या, की लगेच सिस्टरला सांगता आलं असतं, हेही मनात येऊन गेलं. पण आजीची नखं मला जांभळट दिसायला लागली होती, आणि माझं डोकं तापलं. या वेळी ते आजीवर तापलं.

"मॅडम," मी म्हटलं, "पेशंट सांगतेय ते खरं नाहीये. तिला त्रास होतोय. श्वास खूप वाढलाय."

"खोटा सांगता ता!" आजी उसळली. "माका... बरा... हा!" तीन शब्दांना तिला तीन श्वास लागले.

परीक्षक बाई थांबल्या. "पण तू तर आत्ताच म्हणालीस, ध्येय साध्य झालं."

"नाही झालं, मॅडम. माझा प्लॅन चुकला. सगळा परत लिहावा लागेल."

"मग आता काय करशील?"

उत्तर द्यायला मी थांबलेच नाही. पलंगाचं डोकं वर केलं, उशा लावल्या, सिस्टरला हाक मारली, ऑक्सिजनचा मास्क आजीच्या तोंडावर धरला. आजी मास्क ढकलत होती आणि मी तिच्यावर ओरडत होते, "गप बसा आता! एक शब्द बोलायचा नाही!" असं पेशंटशी बोलू नये हे पहिल्या वर्षीच शिकवलेलं असतं, आणि समोर दोन दोन मॅडम उभ्या होत्या. सिस्टरने बोटाला लावायचं यंत्र आणलं, त्यातला आकडा बघून ती डॉक्टरांना बोलवायला धावली. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली. थोड्या वेळात आजीला स्ट्रेचरवरून आयसीयूत हलवलं. जाताना ती माझ्याकडे बघत नव्हती. परीक्षक बाईंनी हाताने मला बाजूला व्हायची खूण केली आणि दुसऱ्या मुलीकडे गेल्या.

पुढचे दिवस मी रोज आयसीयूच्या दाराशी जाऊन विचारायचे. पहाटेपासून आजीला त्रास होत होता, आणि तिने कुणालाही कळू दिलं नव्हतं, हे तिच्या मुलाने सांगितलं. "आत भेटलो तेव्हा मला म्हणाली, म्हटलं पोरीची परीक्षा होऊ दे, मग बघू." सांगताना त्याचे हात जोडलेले होते, आणि मला कुठे बघावं ते कळेना.

आजी वाचली. आठवड्याभराने ती आमच्या वॉर्डात परत आली. मी धावत गेले, तर तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. मी केस विंचरले, पाठ पुसली, चादर बदलली. ती एका शब्दाने बोलली नाही. शेवटी मी खुर्ची ओढून समोर बसले.

"आजी, झालंय काय?"

"चार माणसांत माका खोटी पाडलंस," ती म्हणाली. "तुका गप रवाक काय झाला होता?"

"मेला असता तुम्ही!"

"मेलंय असतंय तर मेलंय असतंय. मी काय, आज ना उद्या. तुजा वर्ष गेला असता, ता परत येतला होता?"

मला भयंकर राग आला. आणि मग एकदम रडू फुटलं. माझ्यासाठी इतकं खुळचट, इतकं मोठं काही आजवर कुणी केलं नव्हतं. आईबापांनी केलं असेल, पण ते आईबाप. ही बाई मला महिनाभरही ओळखत नव्हती. मी तिच्या पलंगाच्या कडेवर डोकं टेकून, जाळीबिळी विस्कटून, मॅडम येतील याची पर्वा न करता रडले. आजी आपली माझ्या पाठीवर थापट्या मारत राहिली, कफ सोडवायला मी तिला मारायचे तशा.

"पास झालंस?" तिने जरा वेळाने विचारलं.

"झाले."

"मगे रडतंस कित्याक?" आणि मग तिने आवाज खाली आणून सांगितलं, "बरा. आता विचार माका."

"काय विचारू?"

"त्या बाईन विचारलेला ता."

मी डोळे पुसले, उठून उभी राहिले आणि परीक्षेत उभी राहते तशी ताठ उभी राहून विचारलं, "आजी, आता कसं वाटतंय?"

आजीने घाई केली नाही. तिने खरोखरच विचार केला.

"जिनो चढल्यासारखो दम लागता," ती म्हणाली. "उजव्या कुशीत दुखता. राती झोप नाय. भीती वाटता गो, एकटीक. आणि तुमच्या हयची चाय एकदम भंगार."

मी ते सगळं नीट ऐकून घेतलं, आणि जाऊन ड्यूटीवरच्या सिस्टरला सांगितलं. चहाचं तेवढं सोडून.